खालून टिंब दिसत न्हाई

तसं न्हाई म्याडम, खुर्चीवरून न्हाई कळायचं — खाली बसा. एकदम खाली, फरशीवर. हां. आता त्या खिळ्याकडं बगा, परातीकडं. सकाळीच लटकवली मी, पोरीची आई ओरडायली की भाकरी कशात थापू, म्हणलं आजच्या दिवस ताटात थाप. दिसायली का टिकली? लाल टिकली हाय, परातीच्या आतून, खालच्या काठाला लागून चिकटवलीय. न्हाई ना दिसत? काठाच्या आड जाती. आता उठा. उभं ऱ्हाऊन बगा — दिसली? दिसणारच, तुमी उंच हाव. माझी सुकेशनी तुमच्या खांद्याला लागंल, आईवर गेलीय ती. आन दवाखान्यात तुमचा सलाईनचा पंप लटकवलाय हितं, ह्या माझ्या डोक्याच्या बी वर. मंग तिला कसं दिसायचं टिंब? एवढंच माझं म्हणणं हाय. एवढंच सोमवारी चौकशीत सांगा — खालून बघितलं तर पंपाच्या काचेवरल्या आकड्यातलं टिंब दिसत न्हाई. एकच वाक्य. लय मागायलो का मी?

बसा आता खुर्चीवर. पाणी घ्या. तुमच्या ड्रायव्हरला बाहेर चहा दिलाय, लिंबाखाली बसलाय तो, त्याची फिकीर करू नका — मी बी ड्रायव्हरच, एस्टीचा, सिद्धोधन ड्रायव्हर म्हणा, परभणी डेपोत कुणीबी सांगंल — ड्रायव्हरला घाई कवा असती आन कवा नसती ते मला कळतं. झरी परभणीच्या रस्त्यालाच हाय, तुमचा येळ जायचा न्हाई. दवाखान्याच्या गेटवर मी गाडीच्या म्होरं उभा राहिलो तवा तुमाला वाटलं असंल, म्हातारा भांडायला आला. भांडण कशाचं ओ. मला कळलं होतं की पुण्याहून कंपनी माणूस पाठवायली, पंप तपासायला, ज्यांनी पंप बनवला त्यांच्यातलाच माणूस. म्हणलं कुणी टायवाला येईल, बोलू बी देणार न्हाई. आन गाडीतून उतरल्या तुमी, माझ्या पोरीच्या वयाच्या. तवा कुठं जीवात जीव आला. म्हणलं हिला कळंल. हळू बोलू जरा — ती आतल्या खोलीत हाय. झोपलेली न्हाई, उगं पडून ऱ्हाती भिंतीकडं तोंड करून. घरी बसवल्यापासून बोलतच न्हाई. जेवायला उठ म्हणलं की हात धुवायला जाती आन तिथंच नळापाशी उभी ऱ्हाती, पाणी वाहतंय, हात धुतेय, धुतेय — आईनं जाऊन नळ बंद करावा लागतो.

झालेलं तुमाला दवाखान्यात सांगितलंच असंल, पण ते त्यांच्या बाजूनं. माझ्याकडून ऐका. राजेश्री नावाची बाई, पहिलटकरीण. कळा मंद पडलेल्या. डॉक्टर म्हणले, कळा वाढायचं औषध लावा पंपावर, अडीचनं. अडीच म्हणजे कसं — दोन, टिंब, पाच. बरोबर? सुकेशनीनं बटणं दाबली. आता टिंबाचं बटण तुमी ठिवलंय कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं, आन पोरीच्या हातात हातमोजे — हातमोजे तिथं एकाच मापाचे येतात, गड्यांच्या मापाचे, बोटाच्या म्होरं रबर लोंबतं नुसतं. दोन लागलं, पाच लागलं, टिंब लागलंच न्हाई. झालं पंचवीस. पोरीनं वर बघितलं. काय दिसलं? दोन आन पाच. रोज काय दिसतं? दोन आन पाच! अडीच लावा, खालून पंचवीस दिसतंय — पंचवीस लावा, पंचवीसच दिसतंय. मंग तिनं वळखावं कशानं? पंप वाजला का? न्हाई वाजला. दुसऱ्या कुठल्या औषधाला पंचवीस चालतं म्हणे, म्हणून त्याला वाटलं बरोबरच हाय. औषध दहापट जायलं. त्या बाईला कळांवर कळा, दम घ्यायला उसंत न्हाई, लेकराचे ठोके खाली खाली — सुकेशनीनंच पंप बंद केला, सुकेशनीच पळाली डॉक्टरला बोलवायला. पण सिझर होईस्तोवर लेकरू गेलं. मुलगी होती. बाईला नांदेडला हलवली, ती वाचली. लेकरू गेलं. मी हे लपवत न्हाई म्याडम, कसं लपवू? मी राजेश्रीच्या गावाला गेलो होतो मोटारसायकलवर, म्हणलं जाऊन पाय धरावेत — गावाच्या अलीकडं पुलावर थांबलो आन तिथूनच मागं फिरलो. हिंमत न्हाई झाली. कोणत्या तोंडानं जायचं?

आन आता दवाखाना म्हणायला, नर्सची चूक. मोकळे झाले. डॉक्टर मोकळे, इनचार्ज सिस्टर मोकळ्या, तुमची कंपनी बी मोकळी, अडकली कोण, तर माझी पोरगी. कंत्राटी हाय ना, तिला सोडायला काय लागतं? आज हाय, उद्या न्हाई. पण नुसती नोकरी गेली तर मी रडत बसलो नसतो — तिची नर्सिंगची नोंदणीच रद्द होती म्हणे, जन्माची. वर पोलीस केस. आमच्या भावकीतली पहिली पोरगी ती, बीएस्सी नर्सिंग झालेली, पांढऱ्या कपड्यात पहिल्यांदा ड्युटीला निघाली तवा ही सगळी गल्लीच्या गल्ली दारात उभी होती. आन आता त्याच बाया हिच्या आईला विचारायल्या — खरंच का ओ सरजाबाई, तुमच्या पोरीनं लेकरू मारलं? असं विचारायल्या तोंडावर. माझी बायको दळण घिऊन गिरणीत जायची थांबलीय.

आता तुमी म्हणताल पंप एवढ्या वर कुणी चढवला. विचारलंच असंल तुमी दवाखान्यात, आन त्यांनी सांगितलं असंल, नर्सेसनी. खरं हाय, पोरींनीच चढवला. पण कामून चढवला ते सांगितलं का? आमच्याकडं बाळंतीण एकटी येत न्हाई म्याडम. सासू येती, माय येती, नणंद, नणंदेचं रांगतं लेकरू, भाकरीचं गठुडं, गरम पाण्याचा थर्मास, एक गोधडी वर, एक गोधडी खाली. खाटेच्या बाजूला खाली फरशीवर सगळा संसार. आन पिशव्या कुठं ठिवायच्या? खाली ठिवल्या तर ओल्या होतात, मंग त्या सलाईनच्या स्टँडच्या सळईला. जिथं हात पुरतो तिथं पिशवी. पंप पहिले तिथंच होता, हातापाशी. पिशवीचा बंद त्याच्या बटणावर घासायचा, लेकरं बटणं दाबायची पी पी वाजतंय म्हणून, एका बाईनं म्हणे ओलं धडपं वाळत घातलं पंपावर. किती जणींना बोलायचं? म्हणून पोरींनी तो चढवला वर, कुणाचा हात पुरणार न्हाई असा. चांगल्यासाठीच केलं ना? पण वर गेला की काचेच्या भोवतालचा तो काठ — केवढा जाड काठ दिलाय तुमी त्याला, पाणी आत जाऊ ने म्हणून का? — त्याच्या आड टिंब गेलं. पुण्यात तुमी टेबलावर ठिवून बनवला असंल. टेबलावर समोरून टिंब दिसतंय चांगलं ठळक. पुण्याच्या टेबलावर पिशवी कोण अडकवायलंय?

रागानं न्हाई बोलत हं. माझा आवाजच मोठा हाय, एस्टीत इंजिनच्या वर बोलायची सवय. मला कळतं, मुद्दाम कुणी करत न्हाई. आमच्या डेपोत बी एकदा नव्या गाड्या आल्या होत्या. काय चकाचक! मी सेलू मारायचो, चारठाणा मारायचो, जिंतूर. बसलो तर सीट एवढं खोल की बोनेटच्या म्होरलं दिसंना. बैल आडवा आला तर शिंगं दिसायची, पाय न्हाई. सीट तर हालत न्हाई, वेल्डिंगच केलेलं. मंग काय केलं आमी? घोंगडीची घडी घातली बुडाखाली आन निघालो. सगळ्याच ड्रायव्हरांनी. तक्रार? कुणाला करायची आन कवा करायची — गाडी तर येळेवर सुटायची. आमचं आसंच हाय बगा, जे पदरात पडंल त्याला जुळवून घ्यायचं. घोंगडी घाल, फडकं बांध, चालव गाडी. कमर गेली माझी त्याच्यात, उठताना भिंत धरावी लागती, पण बनवणाऱ्याला पत्ता बी न्हाई की सीट चुकलंय म्हणून. कसा लागणार पत्ता? त्यांच्या लेखी गाडी बरोबरच चालायली. एखाद्या ड्रायव्हरला आधीच बोलवून खोक्यावर बसवून विचारलं असतं, बाबा रे दिसतंय का म्होरलं — काय बिघडलं असतं त्यांचं?

तर सोमवारचं. परभणीला चौकशी हाय. मोठे साहेब बसणार, तुमच्या कंपनीचा माणूस बी बोलणार, म्हणजे तुमीच ना? तुमीच. सुकेशनीनं जबाब दिलाय की खालून टिंब दिसत न्हाई ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आलेली नव्हती, त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं. व्यंकटराव वकील म्हणले, सिद्धोधन, हेच धरून ऱ्हायचं. माहीतच नव्हतं म्हणल्यावर माणसाचा गुन्हा कसा? सगळं ह्याच्यावर उभं हाय म्याडम. आन त्याच्यावर तुमी फक्त शिक्का मारायचा — व्हय, पंपच आसा हाय, खालून दिसत न्हाई, पोरीला कळायचं कारणच नव्हतं. तुमी बनवणारे, तुमचं ऐकतील. आमी म्हणलो तर म्हणतील बाप हाय, बोलणारच.

मगापासून मीच बोलायलो. चहा थंड झाला, दुसरा करायला सांगू का? — न्हाई? बरं. एवढंच सांगा, बनवायच्या आधी एखाद्या दवाखान्यात नेलता का हो पंप? नुसतं लटकवून बघायला? एखाद्या बुटक्या नर्सला बोलवलं का — ये बाई, उभी ऱ्हा, दाब बटणं, हातमोजे घालून दाब? न्हाई... मान हालवायल्या म्हणजे न्हाई. कामून न्हाई पण?

काय? जरा मोठ्यानं बोला, ह्या कानानं कमी ऐकू येतं, इंजिनच्या बाजूचा कान. — तुमी सांगितलं होतं? कुणाला? कवा, बनवायच्या आधी? थर्माकोलचा खोटा पंप करून दवाखान्यात लटकवू म्हणलात... मंग? — आधी आतलं मशीन होऊ द्या, पेटीचं मागून बघू. आसं म्हणले तुमचे साहेब. मंग मागून बघितलं का? — साचा. साचा म्हणजे भांडी ओततात तसा? तसाच. आन साचा झाला की बदलायचं म्हणजे सगळं नव्यानं, म्हणून न्हाई बदलला. हां. हां. आन मंग कवा कळलं तुमाला की टिंब — थांबा, थांबा, तुमी काय म्हणायल्या? साच्यातून पहिली पेटी निघाली तवाच दिसलं होतं? तुमी स्वतः खाली बसून बघितलं, आन टिंब गेलं काठाच्या आड... तुमी सांगितलं, आन ते म्हणले, पंप डोळ्याच्या उंचीवरच लावतात सगळे. सगळे म्हणजे कोण? कुणाच्या डोळ्याची उंची? आन तुमी गप बसल्या.

आरं आरं — रडू नका. म्याडम. ओ म्याडम. हे घ्या, पदर न्हाई तुमाला, हा टॉवेल घ्या, धुतलेला हाय. रडू नको बेटा. मी तुला रडवायला न्हाई आणलं घरी. तुझा काय दोष? नोकरदार माणूस, दुसऱ्याच्या हाताखालचं, साहेब म्हणला बस तर बसायचं, उठ तर उठायचं. मला काय कळत न्हाई का ते? जिंदगी गेली की माझी त्याच्यात. तोंड उघडलं तर पोट जातं. तुमा पोरींचं आसंच व्हायलंय, तिकडं तू, हिकडं ही. तुला बी माहीत होतं, तिला बी माहीत होतं, पण दोघींचं ऐकायला कुणी —

...

न्हाई. तसं न्हाई म्हणलो मी. तिला माहीत होतं म्हणजे — म्हणजे आता माहीत हाय. आता, झाल्यावर. बोलण्याच्या भरात जीभ घसरली. तुमी आसं बगू नका माझ्याकडं. जबाबात सांगितलंय तेच खरं हाय, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काय? — स्टूल? कोणतं स्टूल? दवाखान्यात स्टूल असतातच की, त्याचं काय एवढं... तुमाला दिसलं ते स्टँडच्या खाली. घासलेलं. पायाच्या खुणा होत्या वर. आता साफसफाई करायला चढत असतील बाया, मला काय म्हाईत? मी काय नर्स हाव?

ऐका. ऐका बेटा. बस खाली. जाऊ नको. सांगतो. आता अर्धं कळलंच हाय तर पुरतं ऐक, न्हाईतर तू भलतंच समजून बसशील. त्या पोरी चढायच्या स्टूलवर. सगळ्याच. आकडा लावला की स्टूल ओढायचं, चढायचं, समोरून बघायचं, टिंब हाय का न्हाई, आन उतरायचं. त्यांचा तो नेमच होता. कुणी शिकवला न्हाई, एकीचं बघून दुसरी. सुकेशनी घरी सांगायची हसत हसत — पप्पा, आमी दिवसभर स्टूलवर चढाय-उतरायचीच ड्युटी करायलो. हसायची तवा ती. हसलो मी बी. आता बोल, तक्रार कुणी करायची? कंत्राटी पोरगी जाऊन म्हणणार का की सरकारनं दिलेला पंप चुकलाय? दुसऱ्या दिवशी घरी. आन कामाचं तर काही आडत नव्हतं ना, स्टूल होतंच. मी घोंगडी घातली, हिनं स्टूल घेतलं, त्याच्यात काय वावगं?

आन त्या दिवशी स्टूलवर म्हातारी बसलेली होती. राजेश्रीची सासू, कडूबाई. फरशी नुकतीच पुसलेली, ओली, खाली बसायला जागा न्हाई, म्हातारीचे पाय हे एवढे सुजलेले, ती भिंतीला धरून उभी. सुकेशनीनंच तिला स्टूल दिलं. बसा मावशी म्हणली. मंग औषध लावायची येळ आली, म्हातारी डोळे मिटून बसलेली, सुनेसाठी काहीतरी पुटपुटायली — आता तिला उठा म्हणायचं? दोन घटकेसाठी? हिनं टाचा वर करून बघितलं, दोन आन पाच दिसलं, म्हणलं रोजचंच हाय. एवढंच. एवढाच गुन्हा हाय माझ्या पोरीचा, की म्हाताऱ्या बाईला उठवलं न्हाई. सांग बेटा, तू उठवलं असतंस का? मी तर न्हाई उठवलं असतं. पण चौकशीत हे कुणाला सांगायचं? ते म्हणतील, तुला ठाऊक होतं, रोज चढून बघायचीस, मंग त्या दिवशी कामून न्हाई बघितलं? संपलं. तिथंच संपली पोरगी. म्हणून व्यंकटराव म्हणले, माहीतच नव्हतं म्हणा. ते वाक्य तिचं न्हाई, व्यंकटरावाचं हाय. तिला म्हणायचंच नव्हतं, आमी म्हणवून घेतलं. मी हात जोडले तिच्या म्होरं, बापानं पोरीच्या म्होरं हात जोडले, तवा म्हणली. आन तवापासून बोलत न्हाई.

आता तुझ्या हातात हाय सगळं. तू हे सोमवारी बोललीस तर तुझी कंपनी सुटली — नर्सला माहीत असून तिनं बघितलं न्हाई, पंपाचा काय दोष, मोकळे. साहेब तुझी पाठ थोपटतील. थोपटतील ना? तर मी काय म्हणतो... मी ड्रायव्हर माणूस, मला आडवळणानं येत न्हाई. तू मला आत्ता जे सांगितलंस, साच्याचं, पहिल्या पेटीत दिसलं होतं ते, ते मी कुणाला बोलणार न्हाई. व्यंकटरावाला बी न्हाई. ते बाहेर गेलं तर तुझी बी नोकरी जाती आन तुझी कंपनी बी गोत्यात येती. तुझं माझ्यापाशी, आमचं तुझ्यापाशी. सोमवारी दोघांनी एवढंच म्हणायचं, खालून टिंब दिसत न्हाई हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमाला न्हाई, आमाला न्हाई. कुणाचंच कुणाला माहीत नव्हतं. हाय का न्हाई सरळ? दोन पोरी वाचतात.

काय? — पंपाचं काय म्हणजे? बाकीच्या दवाखान्यातले... किती हायत आसे? एवढे? ते तर तसेच लटकलेले असतील, व्हय. कुणालाच माहीत नव्हतं म्हणलं की कंपनी म्हणणार, एका दवाखान्यात एकदा झालं, एक कागद पाठवून देऊ की पंप खाली लावा. साचा न्हाई बदलणार. पोरी स्टूलवर चढतील. चढू द्या की! बघून घेतील त्या. मी काय सगळ्या दुनियेचा ठेका घेतलाय? राहू द्या तसेच पंप. ऐकलं का, राहू द्या. मला माझी पोरगी पाहिजे. दुसऱ्याच्या लेकराचं मला... मला... न्हाई, मला आसं म्हणायचं न्हाई. त्या राजेश्रीची मुलगी कपड्यात गुंडाळून तिच्या बापाच्या हातात दिली तवा मी तिथंच होतो म्याडम, व्हरांड्यात, पोरीला घ्यायला गेलेलो. तो माणूस उभा होता नुसता. कुठं जायचं तेच कळंना त्याला. मी बघितलंय ते. पण मी काय करू? तुमीच सांगा ना मी काय करू? बाप हाव मी तिचा, मला दुसरं काय सुचणार?

कोण? — तू? तू कवा उठलीस गं? जा, आत जा. ह्या पुण्याच्या म्याडम हायत, निघायल्यात आता, गाडी बाहेर उभी हाय. आमी असंच बोलायलो, दवाखान्याचं काही न्हाई. जा बेटा. चक्कर येईल, सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या.

काय म्हणलीस? — बोललीस तू. ए, ऐकलंस का गं आत, सुकेशनीची आई, बोलली ही! बोलली! — काय म्हणलीस, परत म्हण. — सांगणार? कुणाला सांगणार? सोमवारी... स्टूलाचं? सगळं? आगं पण व्यंकटराव... न्हाई न्हाई न्हाई. सुकेशनी. बेटा, तुला कळायलंय का तू काय बोलायलीस? नोंदणी जाईल. जेलात टाकतील. मी मेल्यावर तुला कोण हाय? — दुसऱ्या दवाखान्यातल्या पोरींचं तुला काय पडलंय, तुझ्यासाठी आल्या का त्या धावून? एक तरी आली का ह्या दारात? — म्याडम, तुमी ऐकू नका हिचं, तिची तब्येत बरी न्हाई. तुमी उठा. जावा तुमी. मी चुकलो तुमाला आणून, जावा, परभणीला उशीर होईल.

जावा म्हणलं ना.

— हात सोड त्यांचा, सुकेशनी. सोड. — तुमी बी... तुमी बी सांगणार? तिच्या संगं? साच्याचं? नोकरी जाईल म्हणलं ना तुमची, आत्ताच तुमी... दोघी मिळून. येड्या झाल्यात का तुमी दोघी बी? कुणी सोडणार न्हाई तुमाला. ना हिला, ना तुमाला.

बस. बस खाली. हितं बस, म्याडमच्या बाजूला. पाणी पी आधी. — बरं. न्हाई ओरडत. न्हाई, हात बी जोडत न्हाई. बोल तू. मी न्हाई बोलत आता.